दोघे, एक कॅसिओ आणि सदाशिव पेठ

आमच्या वाड्यात पहिला कॅसिओ आला तो दुबईहून. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांच्या मेहुण्यांनी आणला. कंपनी कुठलीही असली तरी विजेवर चालणाऱ्या, पट्ट्यांच्या, पोटात व्हायोलिनपासून ढोलापर्यंत सगळं घेऊन बसलेल्या त्या यंत्राला पेठेत 'कॅसिओ'च म्हणत. वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसंच. एक बटण दाबलं की कुठलंसं विलायती गाणं आपलं आपणच वाजायचं आणि आम्ही पोरं हात न लावता बोटं नाचवत 'वाजवायचो'. आजोबा ओसरीवरून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला : "याला श्वास नाही."

आजोबांचं चुकलं असं म्हणवत नाही. पण त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत दोन भाऊ वाढत होते. पुढे त्यांना वडिलांनी कीबोर्ड घेऊन दिला आणि त्या बिनश्वासाच्या यंत्रातून त्यांनी असा आवाज काढला की आमच्या पेठेचा कान कायमचा बदलला. अतुल गोगावले थोरले, अजय धाकटे. हेच संगीतकार अजय-अतुल. हा लेख त्यांच्या ध्वनिमुद्रणांविषयी आहे, आणि ती ध्वनिमुद्रणं जिथे ऐकली गेली त्या पुण्याच्या सदाशिव पेठेविषयीही.

दोघं आणि एक यंत्र, ही जोडणी मूळची आपली नाही. ती विलायतेत जमली. लीड्सच्या पॉलिटेक्निकमध्ये भेटलेल्या मार्क आल्मंड आणि डेव्ह बॉल या जोडीने, म्हणजे 'सॉफ्ट सेल'ने, १९८१ साली 'टेन्टेड लव्ह' हे जुनं अमेरिकन गाणं सिंथेसायझरवर नव्याने वाजवून विलायतेत पहिल्या क्रमांकावर नेलं. अॅनी लेनॉक्स आणि डेव्ह स्टुअर्ट यांनी बँकेकडून कर्ज काढलं, लंडनच्या चॉक फार्म भागात तसबिरींना चौकटी बसवणाऱ्या एका कारखान्याच्या माळ्यावर आठ ट्रॅकचं टेपयंत्र मांडलं आणि तिथून १९८३ साली 'स्वीट ड्रीम्स' बाहेर पडलं. नील टेनंट आणि क्रिस लो यांची गाठ तर १९८१ साली किंग्ज रोडवरच्या विजेच्या सामानाच्या दुकानातच पडली. एक पुढे पत्रकार झालेला, दुसरा वास्तुकलेचा विद्यार्थी. त्यांच्या 'पेट शॉप बॉइज'चं 'वेस्ट एंड गर्ल्स' १९८६ साली विलायतेत आणि अमेरिकेत, दोन्हीकडे पहिलं आलं.

या सगळ्या जोड्यांचा थाट एकच. एक जण पुढे उभा राहून गातो, दुसरा मागे यंत्राशी मख्ख उभा. ढोलवाला नाही, गिटारवाला नाही, सामान वाहायला टेम्पो नाही. चार-पाच जणांच्या बँडचं काम दोघांत होऊ लागलं. उरलेल्या तिघांनी काय करायचं? १९८२ साली वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि तालयंत्रांवर बंदीच घाला असा ठराव केला. संघटनेने तो पुढे नेला नाही, पण भीती खरी होती.

आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत चालली. साधी पेटी! भाता हलवून वाजणारी. तिच्या सुरांना मींड येत नाही, श्रुती सापडत नाहीत, ती परकी आहे, असे आक्षेप होते. आणि गंमत अशी की त्याच काळात भरत नाट्य मंदिरात संगीत नाटकाचा पडदा वर जाताना पायाने भाता हाकायचा ऑर्गन सूर धरून असे, आणि त्या परक्या वाद्याशिवाय नाट्यपद सुरूच होऊ शकत नाही अशी पेठेची खात्री होती. ऑर्गनवाला एक, तबलजी एक. दोघं. पेठेच्या दृष्टीने तेवढी साथ पुष्कळ झाली.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. सदाशिव पेठेचा कान थोडक्या वाद्यांवर पोसलेला आहे. गजानन वाटवे चाळिशीच्या दशकात पुण्याच्या गणेशोत्सवात पेटी घेऊन भावगीतं म्हणायचे आणि रस्ता भरून माणसं गुपचूप बसून ऐकायची. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' झालं, छप्पन्न गाणी, आणि सुधीर फडक्यांच्या स्वरांमागे शब्द झाकेल असं एकही वाद्य वाजलं नाही. शब्द ऐकू आला पाहिजे, ही इथली पहिली अट. 'आयुष्यावर बोलू काही' म्हणत सलील कुलकर्णी आणि संदीप खरे या पुण्याच्या जोडीने ठिकठिकाणची नाट्यगृहं भरली तीही याच अटीवर. मोठा आवाज म्हणजे बेसूर आवाज, असं आमच्याकडे जवळजवळ संस्कारात आहे.

गोगावले बंधूंना तो संस्कार नव्हता. वडील महसूल खात्यात, बदलीची नोकरी. राजगुरुनगर, घोडेगाव, जुन्नर, शिरूर अशा गावांतून शाळा. घरात गाण्याची परंपरा नाही, गुरू नाही, घराणं नाही. वाद्यं ज्यांच्याकडे होती त्यांच्याशी मैत्री करायची आणि ती हाताळून घ्यायची. अशा गावांत कानावर काय पडतं? जत्रेतली हलगी, गोंधळ्याचं संबळ, भजनातला पखवाज, लग्नातला बँड आणि थिएटरात आलेला सिनेमा. याच्या जोडीला इळयराजा. दक्षिणेतल्या या संगीतकाराविषयीची भक्ती दोघांनी कधी लपवली नाही, आणि ती समजून घेतल्याशिवाय त्यांचं संगीत नीट उलगडत नाही. गावातला ताल आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकाच गाण्यात भांडण न करता नांदू शकतात, हे इळयराजांनी तमिळमध्ये सिद्ध करून ठेवलं होतं. मराठीत तसं कुणी एवढ्या हट्टाने केलं नव्हतं.

पण वाद्यवृंद आणायचा कुठून? इथे कीबोर्ड कामाला आला. एका पट्टीखाली चाळीस व्हायोलिनं, दुसरीखाली तुताऱ्या. विलायतेतल्या पोरांनी हे यंत्र घेतलं ते त्याचा आवाज त्यांना यंत्राचा म्हणूनच आवडला म्हणून. थंड, चकचकीत, नव्या शहराचा आवाज. आपल्याकडे ते आलं ते नसलेल्या माणसांच्या जागी. ऑर्केस्ट्रात अॅकॉर्डियनवाला परवडत नाही, व्हायोलिनवाले चार लागतात, मग कॅसिओ. ढोलकी, डफ, खंजिरी वाजवायला तीन माणसं, त्याऐवजी एका पोराच्या पुढ्यात ऑक्टोपॅड. लोककलेच्या कार्यक्रमांपासून लग्नाच्या वरातीपर्यंत महाराष्ट्रभर हेच झालं. अजय-अतुल याच टंचाईतून आले. फरक इतकाच की इतरांनी यंत्र मिळाल्यावर माणसं सोडून दिली. या दोघांनी यंत्राकडे कायम 'पुढे इथे माणसं बसवायची आहेत' अशा नजरेने पाहिलं. हे माझं म्हणणं आहे, त्यांचं नव्हे. पण पुढची पंधरा-वीस वर्षं पाहिली की दुसरा अर्थ लागत नाही.

जोडीचं नाव म्हटलं की मराठी माणसाला एक वेगळी कथाही आठवायला हवी. नागपूरचे विजय पाटील अॅकॉर्डियन आणि पियानो वाजवत. त्यांना आणि त्यांचे जोडीदार सुरेंद्र यांना दादा कोंडक्यांनी 'पांडू हवालदार'च्या वेळी, १९७५ साली, 'राम-लक्ष्मण' हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी राम गेला. लक्ष्मणाने नाव बदललं नाही. 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत जी जोडी दिसते ती प्रत्यक्षात एकट्या विजय पाटलांची. १९८९ सालच्या 'मैंने प्यार किया'मध्ये तर सिंथेसायझर इतका आहे की त्यातल्या एका गाण्याची सुरुवात 'युरोप' या स्वीडिश बँडच्या गाजलेल्या सिंथच्या सुरावटीवरूनच उचलली आहे. २०२१ च्या मे महिन्यात पाटील नागपुरात गेले. मृत जोडीदाराचं नाव पंचेचाळीस वर्षं पहिल्या जागी ठेवणारा दुसरा संगीतकार मला माहीत नाही. हिंदीतल्या जोड्यांचं आणि यंत्रांचं नातंही जुनंच. १९५४ च्या 'नागिन'मधली ती पुंगी पुंगी नव्हतीच. पुढे स्वतःच्या जोडीमुळे गाजलेल्या कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाचं विजेचं वाद्य वाजवलं होतं. गारुडी फसले, आपण कोण!

आता २००१. त्या वर्षी अजय-अतुल यांचा 'विश्वविनायक' आला. संस्कृत गणेशस्तोत्रं, आवाज एस. पी. बालसुब्रमण्यम आणि शंकर महादेवन यांचे. मी लक्ष्मी रोडवरून कॅसेट आणली ती निव्वळ उत्सवात लावायला म्हणून. घरी आरतीच्या आधी लावली आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. स्तोत्र म्हणजे भटजींनी एका सुरात म्हणायचं किंवा बायकांनी पोथी धरून म्हणायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. इथे स्तोत्राखाली समुद्र होता. समूहस्वर, तुताऱ्या, नगाऱ्यासारखे ठोके, आणि या सगळ्यावर एस.पीं.चा तो स्थिर आवाज. आईला आवडलं. आजोबा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. शेजारच्या मंडळाने दुसऱ्या दिवसापासून तीच कॅसेट लावली, आणि गल्लीला ती इतकी पाठ झाली की बाजू संपून उलटवायच्या वेळी कोपऱ्यावरचा वाणी "अहो, बाजू बदला!" असं ओरडायचा.

तांत्रिक अंगाने पाहिलं तर 'विश्वविनायक' ही भव्य ध्वनीची पहिली कसोटी होती. मोठा आवाज म्हणजे बेसूर आवाज नव्हे, हे पेठेने पहिल्यांदा मान्य केलं ते गणपतीच्या भिडेने.

मग सिनेमा. २००४ साली 'सावरखेड एक गाव' आणि केदार शिंदे यांचा 'अगं बाई अरेच्चा!' 'मन उधाण वाऱ्याचे' हे गुरू ठाकूर यांचं गाणं शंकर महादेवन यांनी गायलं आणि पेठेतल्या प्रत्येक सुगम संगीत स्पर्धेत ते त्यानंतर दहा वर्षं ऐकावं लागलं. परीक्षक म्हणून मी स्वतः एका दुपारी अकरा वेळा ऐकलं आहे. २००६ ला 'जत्रा' आणि 'कोंबडी पळाली'. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत. इथे एक आडवळण घेतो. आनंद शिंदे म्हणजे प्रल्हाद शिंद्यांचे चिरंजीव, 'नवीन पोपट हा'वाले. तो आवाज वस्तीत, जत्रेत, भीमजयंतीला, एसटी स्टँडवरच्या कॅसेटच्या टपरीत होता. आमच्या माजघरात नव्हता. 'कोंबडी पळाली'ने तो सदाशिव पेठेतल्या लग्नाच्या कार्यालयात आणून सोडला. पुढे तीच चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' झाली आणि श्रेया घोषाल यांनी ती देशभर पोहोचवली. मला अजूनही कोंबडीच जास्त खरी वाटते.

आणि लावणी. पेठेपासून गणेश पेठेतलं आर्यभूषण थिएटर किती लांब? चालत वीस-पंचवीस मिनिटं. पण आमच्या पिढीतले किती जण तिथे गेले हे विचारू नये. गेले असतील त्यांनी घरी सांगितलेलं नाही. १ जानेवारी २०१० ला 'नटरंग' लागला. आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधव यांचं दिग्दर्शन, गाणी गुरू ठाकूर यांची. बेला शेंडे यांच्या आवाजातलं 'वाजले की बारा' आणि 'अप्सरा आली' यांनी ते वीस मिनिटांचं अंतर एका हंगामात मिटवलं. त्या वर्षीच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत नऊवारी नेसून, पायात चाळ बांधून पेठेतल्या मुली त्या गाण्यांवर नाचल्या आणि पुढच्या रांगेत त्यांच्या आज्यांनी टाळ्या वाजवल्या. याला समाजपरिवर्तन म्हणायला मी तयार नाही. फडावरच्या बाईला त्यामुळे पेठेत खोली भाड्याने मिळाली असं काही ऐकिवात नाही. पण ढोलकीचा आवाज मात्र घरात आला, आणि तो कॅसिओतल्या ढोलकीचा नव्हता. चामड्याचा होता, शाईचा होता.

हेच मला 'जोगवा'बद्दल अधिक म्हणायचं आहे. राजीव पाटील यांचा हा चित्रपट जोगत्या-जोगतिणींच्या आयुष्यावरचा. यल्लम्माच्या नावाने सोडलेली माणसं, त्यांच्या हातातलं चौंडकं. 'लल्लाटी भंडार' अजय यांनी स्वतः गायलं आहे. ते ऐकताना गाणं आणि हाक यांतली सीमा कुठे पुसली गेली ते कळत नाही. त्याच चित्रपटात संजय कृष्णाजी पाटील यांचं 'जीव रंगला' आहे, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांचं, अगदी हळुवार. एकाच चित्रपटाने छप्पन्नाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीत दिग्दर्शन, पार्श्वगायक आणि पार्श्वगायिका असे तिन्ही सन्मान नेले. मला विचाराल तर अजय-अतुल यांचं सर्वोत्तम काम अजूनही हेच. इथे वाद्यवृंद आहे, पण तो चौंडक्याच्या मागे बसला आहे.

दोघांतलं कामाचं वाटप बाहेरून पाहणाऱ्याला विलायती जोड्यांसारखंच दिसतं. अजय पुढे, गाताना डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून. अतुल मागे, वाद्यमेळाकडे लक्ष ठेवून. पण अॅनी लेनॉक्सचा आवाज जसा त्या थंड यंत्रावर तरंगतो तसं अजय यांचं होत नाही. त्यांचा आवाज यंत्राला जुमानतच नाही. तो रियाजी नाही, गोंधळ्याच्या जातीचा आहे. वरच्या सुरात तो फाटेल की काय असं वाटत असताना टिकतो. 'नटरंग'मधलं 'खेळ मांडला' ऐका. पेठेतल्या एका शास्त्रीय गायिकाबाईंनी मला एकदा सांगितलं, "असं गाऊ नये असं आम्ही शिकवतो, आणि असं गाता येत नाही म्हणून आम्हाला वाईटही वाटतं."

२९ एप्रिल २०१६. 'सैराट'.

त्या वेळेपर्यंत सदाशिव पेठ बदलली होती. वाडे पडून इमारती झाल्या, आमच्यासारखी बिऱ्हाडं कोथरूड-कर्वेनगरला गेली आणि रिकाम्या झालेल्या खोल्यांत स्पर्धा परीक्षांची मुलं आली. करमाळा, बार्शी, बीड, परभणी, जत. कॉटबेसिसवर राहायचं, मेसमध्ये जेवायचं, अभ्यासिकेत रात्र काढायची. पेरूगेटापासून नागनाथ पारापर्यंत चालताना आज जी मराठी ऐकू येते ती माझ्या लहानपणीची 'शुद्ध' मराठी नाही. ती सोलापूरची आहे, मराठवाड्याची आहे, आणि रस्ता तिच्यामुळे जिवंत आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, चित्रपट तिथलाच. म्हणजे 'सैराट' आला तेव्हा त्याचे खरे प्रेक्षक आमच्याच खोल्यांत राहत होते. मी तो पेठेलगतच्या थेटरात पाहिला. 'झिंगाट' सुरू झालं आणि पुढच्या रांगांतली मुलं पडद्यासमोर जाऊन नाचली. शेवटी तीच मुलं एक शब्द न बोलता बाहेर पडली.

त्या चित्रपटात चारच गाणी. 'याड लागलं', 'आताच बया का बावरलं', 'सैराट झालं जी' आणि 'झिंगाट'. गावातल्या पोराच्या एकतर्फी प्रेमाचं गाणं, विहीर, शेत, केळीची बाग, आणि त्यामागे हॉलिवूड! हे शब्दशः खरं आहे. लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटीत सोनीचा ध्वनिमुद्रण कक्ष आहे, पूर्वी एमजीएमचा. १९३९ च्या 'विझार्ड ऑफ ओझ'चं संगीत तिथेच मुद्रित झालं. त्या कक्षात साठहून अधिक वादकांचा जिवंत वाद्यवृंद बसवून 'सैराट'चं संगीत मुद्रित झालं, आणि तिथे असं ध्वनिमुद्रण करणारा तो पहिला भारतीय चित्रपट म्हणून गाजला. हिंदीतल्या एखाद्या शंभर कोटींच्या निर्मितीने नव्हे, एका मराठी चित्रपटाने, ज्यात नायक-नायिका नवखे होते.

तिथलं काम कसं चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. तिथल्या वादकांना चाल गाऊन दाखवावी लागत नाही. प्रत्येकाच्या स्टँडवर त्याच्या वाटणीचा कागद, पाश्चात्त्य स्वरलिपीत. तो कागद बघत पहिल्याच फेरीत ते वाजवतात. वेळेचे पैसे तासावर मोजले जातात, त्यामुळे घोळ घालायला जागा नाही. म्हणजे चाल सुचल्यापासून कागदावर उतरेपर्यंतचं सगळं इथे आधी व्हायला हवं : कुठलं व्हायोलिन कुठे चढेल, कुठे थांबेल, हॉर्न कधी शिरतील. आणि ते सगळं आधी ऐकायचं कशावर? कीबोर्डवरच. संगणकात आधी नकली वाद्यवृंद उभा करायचा, तो पटला की त्याचा कागद करायचा, आणि कागद माणसांपुढे ठेवायचा. लहानपणचा कॅसिओ इथवर आला. शिवाय साठ जण वाजवत असताना प्रत्येकाच्या कानात एक यांत्रिक टकटक चालू असते, क्लिक म्हणतात तिला, कारण इथे आधीच मुद्रित झालेल्या आवाजाशी आणि तालवाद्यांशी ते तंतोतंत जुळायला हवं. यंत्र गेलं नाही. ते माणसांच्या कानात जाऊन बसलं.

विलायतेतल्या जोड्याही वय झाल्यावर याच वाटेने गेल्या. पेट शॉप बॉइजनी २००४ साली 'बॅटलशिप पोटेमकिन' या जुन्या मूकपटाला संगीत दिलं आणि ते लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदासह वाजवलं. पण त्यांचा मूळ श्रोता नाचघरातला. वाद्यवृंद ही त्यांच्यासाठी एक चैन होती. आपल्या जोडीसाठी तो एक राहून गेलेला हिशेब होता.

'सैराट'ने शंभर कोटींचा पल्ला गाठणारा पहिला मराठी चित्रपट होण्याचा मान मिळवला, कन्नडमध्ये तो 'मनसु मल्लिगे' झाला, हिंदीत 'धडक'. चाली बरोबर गेल्या, शब्द गेले नाहीत. 'झिंगाट' हिंदीत ऐकताना मला कुणी आपल्या अंगणातली तुळस उचलून हॉटेलच्या लॉबीत ठेवल्यासारखं वाटतं.

आता तक्रार. चाहत्यांनी रागावू नये. 'सैराट'नंतर भव्यता ही या जोडीची सवय झाली. त्याआधी 'सिंघम', 'अग्निपथ'च्या काळात हिंदीत त्यांनी जे केलं, त्यात 'अभी मुझ में कहीं'सारखं गाणं आहे. सोनू निगम यांनी ते ज्या संयमाने गायलंय त्याला तोड नाही. पण नंतरच्या काही हिंदी चित्रपटांत व्हायोलिनांचा लोट आधी येतो आणि गाणं मागून धापा टाकत पोहोचतं. दोष एकट्या त्यांचा नाही. प्रत्येक निर्मात्याला 'झिंगाट'च हवं असतं आणि प्रत्येक वेळी पडद्यावर ढोल, गुलाल आणि शंभर नर्तक असतात. २०२३ च्या 'महाराष्ट्र शाहीर'मध्ये, केदार शिंद्यांनी आपल्या आजोबांवर, शाहीर साबळ्यांवर, केलेल्या चित्रपटात, 'बहरला हा मधुमास' ऐकलं आणि बरं वाटलं. तिथे चाल पुन्हा पुढे आली होती.

हा लेख लिहिण्याआधी मी पेठेत एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेलो. दोन मुलं, एक लातूरकडचा, एक इथलाच. एक गातो, दुसरा लॅपटॉपपाशी. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीला गादी. त्यांच्या संगणकात व्हायोलिनांचं इतकं मोठं भांडार आहे की गज तारेवर घासताना होणारी खरखरसुद्धा वेगळी निवडता येते. माझ्या आजोबांना हवा असलेला श्वास आता विकत मिळतो. मी विचारलं, पैसे मिळाले तर पहिल्यांदा काय घ्याल? मला वाटलं, मोठा मायक्रोफोन म्हणतील. लातूरचा म्हणाला, "सर, संबळवाला बोलवायचाय एक. गावाकडचा. येतो म्हणतो, पण एसटीचं भाडं आणि दोन दिवसांचा खाडा द्यायला पाहिजे." इथला म्हणाला, "आणि खालच्या काकूंची परवानगी."

जाता जाता एक नोंद. सदाशिव पेठ वसवली थोरल्या माधवरावांनी, पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने. भाऊंवरचा 'पानिपत' हा हिंदी चित्रपट डिसेंबर २०१९ मध्ये आला आणि त्याचं संगीत अजय-अतुल यांचंच होतं. गेल्या अनंत चतुर्दशीला मी टिळक रस्त्यावर रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत कान देऊन उभा होतो. एकामागून एक मंडळं गेली, स्पीकरच्या भिंती गेल्या. भाऊंच्या पेठेत भाऊंच्या चित्रपटातलं एकही गाणं वाजलं नाही. 'झिंगाट' नऊ वेळा वाजलं.